सहा पाण्यांनी धुतलेलं भांडं

हातातल्या बांगड्या काढून टेबलावर ठेवल्या, बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि मी त्या भांड्यात हात घातला. बोटांना आत खरखरीत लागलं. नखाने खरवडलं तर पांढुरका चुना निघाला, तोही एक थर नाही, थरावर थर.

"शी!" मी म्हटलं.

खोलीत कोणी नव्हतं म्हणून बरं. नाहीतर रुजू होऊन तीन आठवडे झालेल्या मुलीने आमच्या संशोधन केंद्रातल्या सगळ्यात मानाच्या भांड्याला शी म्हटल्याची बातमी जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळीकडे झाली असती.

भांड्याचं नाव ऑटोक्लेव्ह. नाव भारदस्त, पण प्रकार साधा. जाड पोलादाचा, दोन लिटरचा, आठ बोल्टांनी झाकण आवळायचा प्रेशर कुकर. आमचे अटेंडंट डोमाजीभाऊ नेवारे त्याला कुकरच म्हणत. डोमाजीभाऊ पुतणीच्या लग्नाला तुमसरला गेले होते, दहा दिवसांच्या रजेवर, आणि त्यांच्या गैरहजेरीत भांडं धुण्याचं काम माझ्याकडे आलं होतं. भिंतीवर प्रकल्पाचे प्रमुख डॉक्टर देवपुजारी यांच्या वळणदार अक्षरात पाटी होती : 'प्रत्येक घाण्यापूर्वी भांडे कॉस्टिकने घासावे व सहा पाण्यांनी धुवावे.' पाटीखाली खिळ्याला रजिस्टर लटकत होतं. तारीख, घाणा क्रमांक, धुतले किंवा नाही, सही. अकरा वर्षांत दोनशे चौदा घाणे झाले होते आणि दोनशे चौदा वेळा 'धुतले' लिहून डोमाजीभाऊंनी सही केली होती.

मी इस्लामपूरची. माझी आई पितळी घागर चिंचेने घासायची ती तिच्यात तोंड दिसेपर्यंत, आणि तोंड दिसलं की तोंडावरचा डाग घागरीचाच आहे असं समजून पुन्हा घासायची. तिच्या हाताखाली मी तयार झालेली. पाटीवर लिहिलेलं सगळं मी केलं, आणि पाटीवर नसलेलंही केलं. कॉस्टिक सोडा गरम करून ओतला, तारेच्या घासणीने तळ काढला, झाकणाच्या खाचेत टाचणी फिरवली. दुपारी दोनला बसले होते ती पाचला उठले. भांडं दुकानातून आणल्यासारखं झालं होतं. रजिस्टरमध्ये मी 'घाणा २१५, धुतले' लिहिलं, खाली 'संजीवनी तारळेकर' अशी ऐटदार सही ठोकली आणि बांगड्या घालून घरी गेले. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होते.

आम्ही काय करत होतो ते सांगते, म्हणजे पुढची फजिती नीट कळेल. कोळसा वाफेबरोबर अर्धवट जाळला की एक वायू मिळतो, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांचं मिश्रण. त्याला सिन्थेसिस गॅस म्हणतात. विदर्भात कोळशाला तोटा नाही, म्हणून हे काम नागपुरात. हा वायू तापलेल्या लोखंडावरून नेला की त्यातून इंधन होतं, पण सरमिसळ होतं. थोडा स्वयंपाकाचा गॅस, थोडं पेट्रोल, थोडं डिझेल आणि उरलेलं मेणबत्तीचं मेण. ते सुधारण्यासाठी लोखंडात झिओलाइट नावाची पांढरी पूड मिसळायची. तिच्या कणाकणात बोगदे असतात, सगळे अगदी एका मापाचे. पेट्रोलचा रेणू त्यातून सुटतो, त्याहून मोठा असेल तो आत अडकतो आणि तुटून लहान झाल्यावरच बाहेर पडतो. पेट्रोल निघतं ते बिनगंधकाचं, बिनकाजळीचं.

ही पूड म्हणजे झिओलाइट त्या कुकरमध्ये शिजायची. जगभर ती शिजवायला एक महागडं परदेशी रसायन लागे, बोगद्यांना आकार देण्यासाठी. सुरुवातीचे काही घाणे सोडले तर देवपुजारी सरांनी ते रसायन न वापरताच झिओलाइट करून दाखवलं होतं आणि त्यावर तीन शोधनिबंध छापले होते. हॉलंडमधल्या एका प्रयोगशाळेने त्यांना पत्र लिहिलं होतं की तुमची कृती आम्ही चार वेळा करून पाहिली, आमच्याकडे काही होत नाही. सरांनी उत्तर धाडलं : 'आपली भांडी पुरेशी स्वच्छ नसावीत.' त्या उत्तराची प्रत ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी वाचायला देत. मलाही दिली होती.

घाणा २१५ तीन दिवस शिजला. चौथ्या दिवशी आतला ऐवज गाळून, वाळवून मी क्ष-किरणांच्या यंत्रात ठेवला. घाणा जमला असेल तर कागदावर उंच टोकदार सुळके उमटतात. माझ्या कागदावर एकच सुस्त उंचवटा आला, म्हशीच्या पाठीसारखा.

सरांनी कागद सरळ पाहिला, उलटा पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

"मिस तारळेकर, भांडं धुतलं होतं?"

"हो सर. पाटीप्रमाणे."

"सहा पाणी?"

"नऊ, सर."

"मग घासण्यात कसर राहिली असेल. डोमाजीचा हात बसलेला आहे त्याला. अकरा वर्षं एक घाणा वाया गेला नाही त्याच्या हातून. पुन्हा घासा."

मी पुन्हा घासलं. या वेळी बारा पाण्यांनी धुतलं आणि आत पांढरा रुमाल फिरवून पाहिला, डाग पडला नाही. घाणा २१६ लावला. तीन दिवसांनी तीच म्हैस पुन्हा कागदावर येऊन बसली.

या वेळी सरांनी भांडं टेबलावर घेतलं, आत बॅटरी मारून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "स्वच्छ आहे." आवाजात नवल होतं आणि थोडी भीतीही होती. ती मला जास्त लागली.

कारण चोवीस तारखेला दिल्लीहून समिती येणार होती. प्रकल्प चालू ठेवायचा की एकतीस मार्चला गुंडाळायचा हे ती ठरवणार होती, आणि सरांनी तिला लिहून कळवलं होतं की आम्ही कोळशाच्या वायूपासून केलेल्या पेट्रोलवर आवारात मोपेड चालवून दाखवू. मोपेड डोमाजीभाऊंची. पेट्रोलसाठी नवं झिओलाइट हवं आणि नवं झिओलाइट म्हणजे माझ्या दोन म्हशी. प्रकल्प गुंडाळला की माझी शिष्यवृत्ती संपणार होती. इस्लामपूरला परत जाऊन नववी-दहावीच्या शिकवण्या घ्यायच्या, एवढंच पुढे दिसत होतं. शिकवण्या वाईट नसतात. पण मला त्या उग्र वासाच्या खोलीचा, त्या पांढऱ्या पुडीचा आणि तिच्यातल्या न दिसणाऱ्या बोगद्यांचा लळा लागला होता. परत जायचं नव्हतं मला.

"अजून एक घाणा," सर म्हणाले. "तोही बिघडला तर मी तार करतो, येऊ नका म्हणून."

मी भांडं पुन्हा घासायला घेतलं. दुसरं काय करणार? घाणा २१७ पुढे 'धुतले' लिहून सही करतच होते, एवढ्यात दारातून बुंदीच्या लाडवांचा पुडा आत आला आणि पुड्यामागून डोमाजीभाऊ आले. उंच, आडव्या हाडाचे, पंजा तर रोटी थापायच्या परातीएवढा.

"घ्या बाई, तोंड गोड करा. लग्न गजब झालं," असं म्हणत ते पुडा ठेवायला टेबलाकडे वळले आणि त्यांची नजर भांड्यावर गेली. पुडा हातातच राहिला. त्यांनी वाकून आत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"अवो बाई, हा कुकर कोनं घासला?"

"मी."

"आतून?"

"आतून, बाहेरून, झाकणाच्या खाचेतूनसुद्धा."

डोमाजीभाऊ स्टुलावर बसले. "मेलो ना बापा," ते हळूच म्हणाले.

"काय झालं?"

"काई नाई. घाणे कसे चालू हायेत?"

"दोन बिघडले."

"सायेब काय म्हनले?"

"म्हणाले, भांडं नीट धुवा."

हे ऐकून डोमाजीभाऊ हसायला लागले. पोट धरून हसले, डोळे पुसले, पुन्हा हसले, आणि मग एकदम उठून त्यांनी दार लोटून घेतलं.

"बाई, एक सांगू काय? कोनाले सांगान तं नाई?"

"नाही सांगणार."

"शपथ?"

"शपथ."

"म्या हा कुकर कधीच घासला नाई."

"कधीच म्हणजे?"

"कधीच म्हंजे कधीच. अकरा वर्सं झाले. सुरवातीले ब्रश भेटला होता, त्याचे केस झडले. नवा मांगाले स्टोरमंदी कागद देल्ला. तो कागद वापस आला, का आधी जुना ब्रश जमा करा. जुना तं म्या फेकून देल्ला होता. आता कुकरचं तोंड हे एवढं आन माहा हात हा एवढा." त्यांनी पंजा उघडून दाखवला. "मंग काय करता? एक पानी टाकाचं, हालवाचं, फेकाचं. झालं."

"आणि रजिस्टर?"

"रजिस्टर तं म्या दर खेपेले भरलं," ते दुखावून म्हणाले. "त्यात कसूर नाई."

मी त्या चकचकीत भांड्याकडे बघत राहिले. आणि एकदम मला आईची आठवण झाली. मी आठवीत असताना तिने एकदा दह्याचं पातेलं घासूनपुसून लख्ख केलं होतं आणि संध्याकाळी दूध कोमट करून बसली, तर घरात विरजणाला चमचाभर दही नाही. शेजारच्या जिजाकाकूंकडे वाटी घेऊन मलाच पळवलं होतं.

"विरजण!" मी ओरडले.

"काय?"

"डोमाजीभाऊ, ते जे खरखरीत थर होते ना आत, ते विरजण होतं. मागच्या घाण्याचे स्फटिक. नव्या घाण्याला ते लागत होते. त्यांच्यावर नवे वाढत होते, म्हणून सरांना परदेशी रसायन लागत नव्हतं. त्या हॉलंडवाल्यांकडे होईना, कारण ते बिचारे भांडं धूत होते!"

"आन सायबानं त्याहिले लिवलं का अजून धुवा."

"हो!"

आता आम्ही दोघंही हसलो. मग डोमाजीभाऊंचा चेहरा पडला.

"मंग हा शोध म्या लावला काय?" त्यांनी घाबरून विचारलं.

"तुम्ही शोध नाही लावलात. तुम्ही फक्त भांडं धुतलं नाहीत."

"तेच तं. दोनशे चौदा खोट्या सह्या हायेत, बाई. तीस एप्रिलले मी रिटायर होतो. सायबाले समजलं तं पेन्शनचा कागद कुठं अडकंल, सांगता येत नाई. तुमी शपथ घेतली हाय."

मी घेतली होतीच. पण विरजण आणायचं कुठून? जुने नमुने सरांच्या कपाटात, किल्ली सरांच्या खिशात. मागायला जावं तर कशाला पाहिजे हे सांगावं लागणार. मी माझ्या कर्तबगार हातांकडे पाहिलं. त्या भांड्यात मी विरजणाचा कण शिल्लक ठेवला नव्हता.

डोमाजीभाऊंनी थोडा वेळ डोकं खाजवलं. मग त्यांनी आपलं लोखंडी कपाट उघडलं. रेनकोट, डबा, सुपारीची पिशवी हे सगळं बाजूला सारून त्यांनी मागून एक पितळी वस्तू काढली. मी पाहतच राहिले. तो शेव पाडायचा सोऱ्या होता.

"हा इथे कसा?"

"पुडीचं पीठ मळून याच्यातूनच काढतो ना आपन. शेवेसारखे तुकडे कराले. सायेब निबंधात हस्तचलित यंत्र लिवतात त्याले. बायकोचा हाय. आनला तवापासून ती बोलून राहिली." त्यांनी सोऱ्या माझ्यासमोर धरला. चकतीच्या भोकाभोकांत मागच्या खेपेची पांढरी पूड वाळून घट्ट बसली होती. डोमाजीभाऊ मान खाली घालून म्हणाले, "हाबी म्या कधी धुतला नाई."

त्या माणसाला मी मिठी मारायचीच बाकी ठेवली. केसातली पिन काढून मी प्रत्येक भोक खरवडलं. दीड चिमूट भरेल एवढी पूड निघाली. ती भांड्यात टाकली, वर सरांच्या कृतीप्रमाणे सगळं ओतलं आणि आठही बोल्ट आवळले. डोमाजीभाऊंनी सवयीने झाकणाला हात लावून नमस्कार केला, आणि त्या दिवशी मीही केला.

दोन दिवसांतच घाणा जमला. कागदावर सुळके उमटले, एकाहून एक उंच. मी कागद घेऊन धावत सरांच्या खोलीत गेले. सरांनी तो पाहिला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते हसले.

"पाहिलंत? शेवटी स्वच्छतेला पर्याय नाही!"

"हो सर," मी म्हटलं. माझी जीभ झडली नाही.

पुढचे दिवस कामात कसे गेले कळलं नाही. पूड वाळवली, भाजली, लोखंडाच्या पुडीबरोबर मळली आणि डोमाजीभाऊंनी सोऱ्यातून तिची शेव पाडली. माणसाच्या उंचीच्या पोलादी नळीत ती भरून आम्ही वायू सोडला. नळीच्या तोंडाशी बर्फात बुडवलेली काचेची बाटली होती. पहिला थेंब पडायला एक अख्खी सकाळ गेली. मग दुसरा पडला, तिसरा पडला. बाटलीत खाली पाणी साठलं आणि वर बोटभर पिवळसर, पातळ, पेट्रोल पंपाच्या वासाचा थर तरंगायला लागला. सर बाटलीसमोर खुर्ची टाकून बसत. इतका वेळ ते घरच्या कुणापुढे बसले असतील असं वाटत नाही. चोवीस तारखेपर्यंत पाऊण लिटर जमलं.

समिती तिघांची होती. अध्यक्ष सरनोबत साहेब ग्वाल्हेरच्या मराठी घराण्यातले, सत्तरीचे, पांढऱ्या मिशांचे, जुन्या वळणाचं खणखणीत मराठी बोलणारे. उन्हात टोपी न घालता ते आवारात येऊन उभे राहिले. डोमाजीभाऊ इस्त्रीचा सदरा घालून मोपेडजवळ हजर होते. टाकी आदल्या दिवशी कोरडी केली होती. सरांनी मापाच्या नळकांड्यातून पेट्रोल ओतलं, डोमाजीभाऊंनी त्यात झाकणभर ऑइल टाकलं आणि पायडल मारलं.

मोपेड खोकली. पुन्हा मारलं, पुन्हा खोकली. तिसऱ्या वेळी मात्र ती सुरू झाली आणि डोमाजीभाऊ कडुनिंबाला वळसा घालून, फाटकापर्यंत जाऊन, ग्रंथालयाच्या पायऱ्यांशेजारून ताठ मानेने परत आले. सगळं केंद्र टाळ्या वाजवत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नळीतल्या वायूवर, आमच्या त्या शेवेवर, एक माणूस चक्कर मारून आला होता.

"वाहवा!" सरनोबत साहेब म्हणाले. "देवपुजारी, प्रकल्प चालूच राहील, ती चिंता नको. उलट आम्ही तो वाढवावा म्हणतो. खाणींच्या पट्ट्यात पाचशे लिटरांचं भांडं बसवू. अगदी नवं कोरं. नव्या भांड्यात पदार्थ असाच उतरेल ना?"

"नव्यात तर उत्तमच उतरेल," सर म्हणाले. "माझ्या कृतीचा प्राणच स्वच्छता आहे." त्यांनी रजिस्टर पुढे केलं. खिळ्यावरून काढून, पुसून, ते मुद्दाम बरोबर आणलं होतं. "आणि हे आमचे डोमाजी. अकरा वर्षं, दोनशेवर घाणे, दर वेळी सहा पाणी. एकही नोंद चुकलेली नाही."

डोमाजीभाऊ मोपेड धरून उभे होते. ते जमिनीकडे बघत होते.

मी गप्प राहिले असते तर काहीच बिघडणार नव्हतं. निदान त्या वर्षी तरी नाही. शिष्यवृत्ती वाचली होती, शपथ पाळली गेली असती. पण पाचशे लिटरांच्या त्या नव्या कोऱ्या भांड्यात पाचशे लिटर राबडी होणार, आणि सर तिथल्या लोकांना पत्र लिहिणार की अजून घासा, हे मला समोर दिसत होतं.

"सर," मी म्हटलं, "नव्या भांड्यात नाही होणार."

सगळे माझ्याकडे वळले. सर असे बघत होते, जणू मी मोपेडची हवा सोडली होती.

"म्हणजे नुसत्या भांड्यात नाही होणार. विरजण लावावं लागेल. मागच्या घाण्यातली चिमूटभर पूड. शेवटच्या घाण्यात मी ती तुम्हाला न सांगता टाकली होती. आधीचे दोन त्याशिवाय बिघडले."

"काय बोलताय तुम्ही?" सरांचा आवाज चढला. "आणि त्याआधीचे दोनशे चौदा? ते कसे झाले? त्यात कुठे होतं विरजण? दर वेळी भांडं धुतलेलं आहे, ही नोंद आहे इथे!"

याच्यावर मला बोलता येत नव्हतं. बोलले तर डोमाजीभाऊ अडकणार. मी ओठ घट्ट मिटून उभी राहिले आणि सर रजिस्टरवर बोट आपटत राहिले.

मोपेडचा स्टँड लावल्याचा आवाज आला.

"नाई जी, सायेब," डोमाजीभाऊ म्हणाले. "नाई धुतलं."

"कधी नाही धुतलं?"

"कधीच नाई."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. झडलेला ब्रश, स्टोअरमधून परत आलेला कागद, भांड्याचं तोंड, स्वतःचा पंजा. शेवटी म्हणाले, "बाईचा काई दोष नाई. म्या शपथ घातली होती. जे काय लिवाचं ते माह्यावर लिवा."

सरनोबत साहेबांनी रजिस्टर हातात घेतलं आणि पानं उलटली. मग त्यांच्या मिशा हलायला लागल्या.

"म्हणजे या सबंध वहीत खऱ्या नोंदी तीन, सगळ्या या मुलीच्या," ते म्हणाले, "आणि त्यातले दोन घाणे वाया!"

ते हसायला लागले. दुसरे दोघे हसले. फाटकावरचा पहारेकरीही हसला, त्याला काही कळलं नव्हतं तरी. हसत नव्हते फक्त आम्ही तिघं. सर कागदासारखे पांढरे पडले होते. तीन निबंध, हॉलंडचं पत्र, भिंतीवरची पाटी हे सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून जात असणार. त्या क्षणी मला त्यांची इतकी कीव आली की वाटलं, बोलायला नको होतं.

"देवपुजारी," सरनोबत साहेबांनी हसू आवरून विचारलं, "आपणास हे ठाऊक होतं?"

हो म्हणायला किती सोपं होतं! एका वाक्यात सगळं सावरलं असतं. 'अर्थात, मी त्याचाच अभ्यास करत होतो,' एवढं म्हटलं की झालं. मोठमोठी माणसं म्हणतात. सरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि पुन्हा घातला.

"नाही," ते म्हणाले. "मला माहीत नव्हतं."

मग डोमाजीभाऊंकडे वळून त्यांनी विचारलं, "ब्रशबद्दल मला का नाही सांगितलंस?"

"घाणे तं चांगले निघून राहिले होते, सायेब."

यावर मात्र सरांनाही हसू फुटलं.

प्रकल्पाला दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली. मंजुरीच्या पत्रात शेवटी एक अट होती : 'सदर भांडे समितीच्या लेखी अनुमतीशिवाय घासण्यात येऊ नये.' हॉलंडला सरांनी नवं पत्र पाठवलं, त्यात आधी माफी होती आणि मग विरजणाची कृती. पुढच्या निबंधात चार ओळी विरजणावर होत्या आणि खाली डो. नेवारे आणि कु. सं. तारळेकर यांचे आभार. हस्तचलित यंत्राच्या जागी या वेळी 'घरगुती सोऱ्या' असं स्पष्ट लिहिलं होतं. खोट्या सह्यांबद्दल डोमाजीभाऊंकडून नियमाप्रमाणे लेखी खुलासा मागवला गेला. त्यांनी एकच ओळ लिहून दिली, 'भांड्याचे तोंड लहान, हात मोठा', आणि सरांनी तिच्यावर 'खुलासा समाधानकारक' असा शेरा मारला. पेन्शनचा कागद वेळेवर निघाला.

तीस एप्रिलला निरोपाचा कार्यक्रम झाला. सरांनी डोमाजीभाऊंच्या बायकोसाठी नवा पितळी सोऱ्या आणला होता. त्याला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली होती, त्याच वळणदार अक्षरात : 'हा मात्र धुवावा.' जुना सोऱ्या केंद्राच्या मालमत्तेत जमा झाला. हार, नारळ, भाषणं सगळं आटोपल्यावर डोमाजीभाऊ एकटेच आमच्या खोलीत गेले. सोमवारचा घाणा लावायचा राहिला होता.

मी मागाहून गेले तेव्हा भांडं झाकण लावून, बोल्ट आवळून तयार होतं आणि रजिस्टर उघडं पडलं होतं. घाणा क्रमांक दोनशे एकवीस. 'धुतले किंवा नाही' या रकान्यात डोमाजीभाऊंनी 'नाई' लिहून खाली आपली लांबलचक सही केली होती. शाई अजून ओली होती. सर माझ्या मागून आले, त्यांनी ती ओळ वाचली, खिशातून पेन काढलं आणि अकरा वर्षांत कधी केली नव्हती अशी शेजारी आपली सही केली.

'तपासले. बरोबर आहे.'